पॅराशॉक

कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. दाराची बेल तिसऱ्यांदा वाजली तरी प्रत्येकाला वाटतं, उघडेल कुणीतरी. पण मनगटी घड्याळ फरशीवर पडल्याचा तो एवढासा 'टक्' मात्र सगळ्या घराला एकाच वेळी ऐकू जातो. बाथरूममध्ये नळ सोडून बसलेला माणूससुद्धा आतून ओरडतो, "काय पडलं?" आणि ह्या प्रश्नाला अख्ख्या महाराष्ट्रात एकच उत्तर आहे : "काही नाही."

'काही नाही' म्हणजे नक्की काय, हे बघायला मग सगळे जमतात.

पडलेलं घड्याळ उचलण्याचा एक शिष्टाचार आहे. आधी त्याच्यावर फुंकर मारायची. का, ते विचारायचं नाही. लहानपणी आपण पडलो तेव्हा आईने गुडघ्यावर मारली होती, त्यापलीकडे त्याला शास्त्र नाही. मग ते कानाला लावायचं. लावताना नजर छताकडे ठेवायची आणि मोकळ्या हाताने बाकीच्यांना गप्प करायचं. घड्याळ चालू असलं तर 'चालू आहे' असं जाहीर करायचं. लगेच दुसऱ्याने ते हिसकावून स्वतःच्या कानाला लावायचं, कारण अशा बाबतीत घरच्या माणसाच्या शब्दावर विसंबायची आपल्यात पद्धत नाही. शेवटी ते आजीकडे जातं. आजीला समोरून मारलेली हाक ऐकू येत नाही, पण ती क्षणभर कानाशी धरून सांगते, "चालतंय की!" आणि तिचा निकाल अंतिम असतो.

वास्तविक ह्या घड्याळात गेल्या कित्येक वर्षांत कुणी वेळ पाहिलेली नसते. वेळ मोबाइलमध्ये असते, घड्याळ फ्रिजवर असतं. मध्यमवर्गीय घरात फ्रिजच्या आत जेवढं राहतं, त्याहून जास्त फ्रिजच्या वर राहतं. औषधांचा डबा, स्कूटरची किल्ली, विजेचं बिल, देवळातला अंगारा, कुठल्याच टीव्हीचा नसलेला रिमोट, आणि बाहेरून आल्यावर काढून ठेवलेलं घड्याळ. ह्या सगळ्याखाली क्रोशाचा एक गुळगुळीत रुमाल. वस्तू पडायला एवढी तयारी पुरते.

आमच्या कांजूरमार्ग पूर्वेच्या सोसायटीत मध्यंतरी असंच एक घड्याळ पडलं. शेजारच्या काकांचं एचएमटी जनता. किल्लीचं, पांढऱ्या डायलचं, काकूंच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेलं घड्याळ पडलं तर तो अपघात असतो; सासऱ्याने दिलेलं पडलं तर तो अपमान असतो, आणि तो नेमका कुणी केला ह्याची चौकशी होते. त्या काळात एचएमटी घड्याळ मिळवायला वशिला लावावा लागे. "माझ्या बाबांनी तीन ठिकाणी शब्द टाकला होता," हे वाक्य काकूंनी 'टक्'नंतर पहिल्याच मिनिटात रेकॉर्डवर आणलं.

"मी हातसुद्धा लावलेला नाही," काका म्हणाले. "पंख्याच्या वाऱ्याने पडलं असेल."

पंखा हा आपल्या घरांतला कायमचा आरोपी आहे. कागद उडाला, दूध उतू गेलं, घड्याळ पडलं, सगळं त्याच्यावर. पण पोलादी केसचं घड्याळ वाऱ्याने उडायचं तर कांजूरच्या घरात नव्हे, मिठागरांवरच्या वादळातही कठीण आहे. काकूंनी पंख्याकडे बघितलं. तो दोनवर होता. तिथेच काकांची बाजू लंगडी पडली.

आता मूळ प्रश्न. असं घड्याळ पडून वाचतं का?

ह्याचं उत्तर काकांच्या नातवाने विजेच्या बिलाच्या मागे मांडून दाखवलं. नातू बारावीत आहे आणि आयआयटीच्या क्लासला जातो. पवईची आयआयटी आमच्या स्टेशनवरून रिक्षाने जाण्याएवढी जवळ आहे. त्यामुळे कांजूरमध्ये आपलं मूल तिथे पोहोचेल असं प्रत्येक आईबापाला वाटत असतं. शंका फक्त मुलांना असते. नातवाने सांगितलं, फ्रिजची उंची दीड मीटर धरली तर खाली यायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. जनता घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे पडता पडतासुद्धा त्याने दोनदा टिकटिक केलेली असते. जमिनीवर पोहोचताना त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर. (एलबीएस मार्गावर संध्याकाळी सातला हा वेग गाठलेलं वाहन मी पाहिलेलं नाही.)

"पण आजोबा, घड्याळ वेगाने मरत नाही, थांबण्याने मरतं. दीड मीटर येऊन ते टणक फरशीवर एका मिलिमीटरच्या पाचव्या भागात थांबलं, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या साडेसात हजार पट धक्का बसतो. तेच गादीवर पडून पाच सेंटिमीटर रुतलं असतं, तर फक्त तीसपट."

"म्हणजे ते फ्रिजवरूनच पडलं," काकू म्हणाल्या. "तिथे कोण ठेवतं घड्याळ?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. भौतिकशास्त्र घरात आलं की ते नेहमी फिर्यादीच्या बाजूने बोलतं. नातवाला एवढ्यावर थांबता आलं असतं, पण त्याचा क्लासच तसा नाही. तो म्हणाला, "आणि आजी, वर ठेवलेली वस्तू नुसती पडत नाही. फ्रिजचं दार जोरात लावलं की रुमाल सरकतो, मग–"

"तू अभ्यास कर," काकू म्हणाल्या.

घड्याळाच्या पडण्यालासुद्धा आंतरराष्ट्रीय मानक आहे, हे मला त्यानंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं. आयएसओ १४१३ असं त्याचं नाव. ज्याला कंपनी 'शॉकप्रूफ' म्हणून विकते, त्या घड्याळाने एक मीटरवरून कठीण लाकडी पृष्ठभागावर पडल्यावर टिकायला हवं. प्रयोगशाळेत ते खरोखर टाकत बसत नाहीत. तीन किलोचा प्लास्टिकचा हातोडा लंबकासारखा सोडतात. तो सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने येऊन घड्याळाला दोन टोले देतो, एक नऊच्या आकड्याच्या बाजूने आणि एक काचेवर. त्यानंतर घड्याळ दिवसाला साठ सेकंदांहून जास्त बिघडलं नाही की पास. किल्लीच्या बाजूने मात्र टोला देत नाहीत. आमच्याकडची घड्याळं पडतात ती नेमकी किल्लीवर, पण मानक लिहिणाऱ्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

'लाकडी पृष्ठभाग' ह्या दोन शब्दांवर मी जरा थांबलो. हे मानक लिहिणाऱ्या मंडळींच्या घरी लाकडी जमीन असणार. आमच्या जमिनीचा इतिहास वेगळा आहे. काका आधी चाळीत राहत होते. तिथे शहाबादी फरशी, फरशीवर सतरंजी, सतरंजीवर गोधडी आणि गोधडीवर गावाहून आलेला पाहुणा. घड्याळ पडून पडून पडणार कुठे? पाहुण्याच्या पोटावर. तो कूस बदलायचा, घड्याळ चालू राहायचं. मग सोसायटी झाली, मोझॅक आलं. पाहुणे कमी झाले आणि घड्याळाला पहिल्यांदा पोचे आले. आणि आता रिडेव्हलपमेंट. दोन बाय दोनच्या विट्रिफाइड टाइल्स, इतक्या गुळगुळीत की त्यात स्वतःचं तोंड बघून पाय घसरावा. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांत आम्ही कॉर्पस फंड, पार्किंग आणि वाढीव जागेवर मध्यरात्रीपर्यंत भांडलो. घड्याळ पडलं तर काय, हा मुद्दा अजेंड्यावर कुणीच आणला नाही. कार्पेट एरिया वाढला. कार्पेट कुणी घातलं नाही.

थोडक्यात, घड्याळं जसजशी टणक होत गेली, तसतशी आपण जमीनही टणक करत गेलो आणि हिशोब बरोबरीत ठेवला.

घड्याळात मोडतं ते काय, हेही एकदा बघून ठेवावं. काच, काटे, डायल ही वरची मंडळी. आत बॅलन्स नावाचं एक चाक असतं. ते सतत एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरत असतं, आणि त्याच्या ह्या अनिश्चित वागण्यावरच घड्याळाचा नेमकेपणा उभा असतो. तासाला १८,००० ठोके, दिवसाला ४,३२,०००. ह्या चाकाचा आस मधे जाड आणि दोन्ही टोकांना जेमतेम दशांश मिलिमीटरएवढा बारीक. ती टोकं छोट्या माणकांच्या भोकांत टेकलेली. घड्याळ पडलं की जड चाकाचं सगळं ओझं त्या दोन टोकांवर येतं, आणि ती वाकतात किंवा तुटतात.

ह्यावर पहिला इलाज पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या घड्याळजीने १७९०च्या सुमाराला काढला. त्याने माणकं पक्की न बसवता स्प्रिंगवर बसवली. असं सांगतात, की टालेराँ ह्या बड्या मुत्सद्द्याच्या घरी, पाहुण्यांच्या देखत, ब्रेगेने आपलं घड्याळ सरळ जमिनीवर आपटलं, उचललं आणि चालू असल्याचं दाखवलं. काकांनी ही गोष्ट मोठ्या आशेने काकूंना सांगितली. काकूंनी एकच प्रश्न विचारला : "त्याचं स्वतःचं होतं ना? की सासऱ्याने दिलेलं?"

पुढे स्वित्झर्लंडमध्ये ह्याच कामासाठी इन्काब्लॉक आलं, आणि इथे मुंबईची एन्ट्री आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनी सुरू झाली. माल बनायचा स्वित्झर्लंडला, खपायचा हिंदुस्थानात. तिचं नावाजलेलं घड्याळ 'सोवार प्राइमा'. सोवार म्हणजे आपला घोडेस्वारच. १९३४ साली इन्काब्लॉक बसवलेल्या अगदी सुरुवातीच्या घड्याळांत ह्या सोवाराचा नंबर लागतो. घोड्यावरून माणूस पडला तर त्याच्या हाडांची सोय तेव्हाही नव्हती, पण मनगटावरच्या घड्याळाची झाली.

युक्ती साधी आहे. धक्का बसला की माणिक हट्ट धरत नाही. ते आपल्या जागेवरून किंचित सरकतं, तेवढ्यात आसाचा जाड भाग आधाराला टेकून मार स्वतःवर घेतो, आणि वरची इवलीशी स्प्रिंग माणकाला परत होतं तिथे आणून बसवते. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारा माणूस हेच करत मुलुंड ते भायखळा जातो. प्रत्येक वळणाला तो बाकाबाहेर जातो, प्रत्येक वळणाला परत येतो, आणि पेपर वाचणं थांबवत नाही.

जपानच्या सिटिझन कंपनीने ह्याच तत्त्वावर १९५६ साली 'पॅराशॉक' काढलं आणि लोकांची खात्री पटावी म्हणून घड्याळ हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवलं. त्याच सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली, आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर पडली. म्हणून एचएमटीच्या कितीतरी डायलवर 'पॅराशॉक' हा शब्द छापलेला असतो. काकांच्या डायलवरही होता. पंचेचाळीस वर्षं तो त्यांच्या मनगटावर, काट्यांच्या खाली, वकिलासारखा बसून होता आणि त्यांनी त्याला एकदाही बोलू दिलं नव्हतं. आता मात्र ते भिंग घेऊन काकूंकडे गेले.

"हे वाच. पॅराशॉक. हेलिकॉप्टरमधून टाकलं तरी काही होत नाही."

"म्हणून तुम्ही फ्रिजवरून टाकून बघितलंत?"

एव्हाना मजल्यावरचे तज्ज्ञ जमले होते. पडलेल्या घड्याळावर उपचार करणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. पहिला हलवणाऱ्यांचा. हे लोक घड्याळ कानाशी धरून खुळखुळ्यासारखं हलवतात आणि आवाज आला की समाधानाने मान डोलावतात. आत काही सुटलं असेल तर त्याला सगळं मशीन फिरून बघण्याची संधी ह्यांच्यामुळे मिळते. दुसरा पंथ किल्ली देणाऱ्यांचा. घड्याळ थांबलंय ना, मग अजून पिळा. तिसरा पंथ अलीकडचा, तांदळाच्या डब्याचा. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, हे ज्ञान आता पसरत पसरत सर्व वस्तूंना आणि सर्व पडण्यांना लागू झालंय. काकांच्या आईंनी तेच सुचवलं. "अगं आई, पाण्यात नाही, फरशीवर पडलंय," असं काका म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "मग काय झालं? तांदूळ का चावणारे?" घड्याळ रात्रभर तांदळात राहिलं.

काचेला काही झालं नव्हतं, कारण जनताची काच ही काच नसतेच. ते अ‍ॅक्रेलिक असतं. ते दबतं, सहसा फुटत नाही, फक्त ओरखडे गोळा करतं. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळली की काच स्वच्छ होते. टूथपेस्टच्या जाहिरातीतला 'चमक' हा दावा मी डोळ्यांदेखत सिद्ध होताना पाहिला तो एवढाच.

सकाळी घड्याळ तांदळातून बाहेर निघालं ते चालू होतं. टिकटिक खणखणीत. घरात आनंदीआनंद झाला, सासऱ्यांच्या फोटोला हार बदलला. चूक एवढीच होती, की ते पळत होतं. पडल्यावर बंद पडलेल्या घड्याळाचं एक सोपं असतं, त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पळणारं घड्याळ फार वेळ सज्जन वाटतं. धक्क्याने बॅलन्सवरच्या हेअरस्प्रिंगची दोन वेटोळी एकमेकांत अडकली, की स्प्रिंगची चालती लांबी कमी होते, चाक झपाझप झुलायला लागतं आणि घड्याळ पुढे जातं. काका बँकेत पोहोचले तेव्हा शटर उघडायचं होतं. वाचनालयात गेले तर कालचेच पेपर. लग्नाला गेले तर मुलीकडचेसुद्धा आलेले नव्हते. कांजूरला फास्ट लोकल थांबत नाही हे आमचं जुनं दुखणं. काकांचं घड्याळ तेवढं फास्ट झालं.

शेवटी आम्ही तिघं स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे गेलो. काका, काकू आणि साक्षीदार म्हणून मी. एचएमटीच्या घड्याळांचा धंदा बंद करायला सरकारने २०१६ साली मंजुरी दिली, तेव्हापासून ह्या माणसांचं काम म्हणजे सेल बदलणं आणि पट्ट्याला भोक पाडणं. किल्लीचं घड्याळ समोर आलं की त्यांचे हात एकदम हळू होतात. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, ते एका बाटलीच्या बुचाशेजारी ठेवलं. चिमट्याच्या टोकाने बॅलन्सला नुसता स्पर्श केला आणि चाकाचं झुलणं बघत राहिला. आत सोनेरी चाक आणि त्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग. एका जागी तिची गोल रांग मोडलेली मला नुसत्या डोळ्यांनीही दिसली.

"पडलं होतं?" त्याने वर न बघता विचारलं.

"छे," काका म्हणाले.

"किल्ली वाकडी आहे."

"ती आधीपासून."

"बाजूला पोचा आहे. ताजा."

"तोही आधीपासून."

तेवढ्यात पट्ट्याच्या घडीतून तांदळाचा एक दाणा काउंटरवर पडला. घड्याळवाल्याने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला. "कोलम?" त्याने काकूंना विचारलं. काकूंनी मान हलवली.

"हे बघा काका," त्याने भिंग कपाळावर चढवलं. "मशीन चांगलं आहे. चाकाचा आस शाबूत आहे, पॅराशॉकने काम केलंय. पडलं असेल तर धक्क्याने स्प्रिंगची वेटोळी अडकली आहेत, ती सोडवतो, दहा मिनिटांत घेऊन जा, चहापाण्याचे द्या. पण पडलेलंच नसेल, तर हे आपोआप कसं झालं ते शोधावं लागेल. पूर्ण मशीन खोला, धुवा, ऑइलिंग करा. आठवडा लागेल आणि पैसे वेगळे. मग? पडलं होतं?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भाजीच्या पिशवीतली कोथिंबीर सारखी करत होत्या. फलाटावर कर्जत लोकल न थांबता निघून जात असल्याची घोषणा झाली.

"पूर्ण खोला," काका म्हणाले आणि त्यांनी पाकीट काढलं.

ते नोटा मोजत असतानाच काकूंनी आपली पर्स उघडली आणि निम्मे पैसे काउंटरवर ठेवले. "माझ्या बाबांचं घड्याळ आहे," त्या घड्याळवाल्याला म्हणाल्या. लग्न झाल्यापासून काकांच्या कुठल्याही वस्तूच्या दुरुस्तीला त्यांनी पैसे दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काकांनी एकदा त्या पैशांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं, आपल्या नोटांतल्या निम्म्या परत पाकिटात घातल्या, आणि घड्याळ पडलं त्या दिवशी सकाळी दूध काढायला फ्रिजचं दार कुणी उघडलं होतं, हे विचारायचं टाळलं.